लायसनच्या अर्जाखाली लष्कराची नोंद

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी विहारातील वंदना आटोपली आणि आम्ही सतरंज्या गुंडाळत होतो. तेवढ्यात वस्तीतल्या एक आजी जवळ आल्या. जयभीम झाला. आजींचे यजमान गिरणी कामगार होते. संपानंतर घर आजींनीच चार घरची कामे करून ओढले. मुलाला शिकवले, इंजिनियर केले. तो आता बरीच वर्षे बायकोमुलांसह अमेरिकेत, टेक्सास राज्यात आहे. इतकी वर्षे थांबून त्या कुटुंबाला ग्रीन कार्ड, म्हणजे तिथे कायम राहण्याची परवानगी मिळाली. नातू नुकताच अठरा वर्षांचा झाला. एरवी नातवाचे कौतुक सांगताना आजींचा चेहरा फुलतो. त्या दिवशी मात्र तो उतरलेला होता.

“दादा, माझ्या नातवाला लष्करात घेतलाय म्हणे. गाडीचं लायसन काढायला गेला होता तो. लायसन काढायला गेलेल्या पोराला कोणी लढाईवर धाडतं का?”

आम्ही त्यांना खाली बसवले, पाणी दिले. रात्री त्यांच्या मुलाशी फोनवर बोललो तेव्हा उलगडा झाला. नातवाने लायसनच्या अर्जावर सही केली. काही आठवड्यांनी टपालाने त्याच्या नावाचे एक कार्ड आले. त्यावर त्याचा नोंदणी क्रमांक होता आणि खाली खात्याचे नाव होते, ‘सिलेक्टिव्ह सर्व्हिस सिस्टिम’. सक्तीची लष्करभरती करण्याची वेळ आलीच तर कोणाला बोलवायचे, याची यादी ठेवणारे हे अमेरिकेचे सरकारी खाते. पोराला कोणी लष्करात घेतले नव्हते. पण त्याचे नाव यादीत गेले होते, आणि ते कधी गेले हे त्याला स्वतःलाही कळले नव्हते.

आजींची भीती चुकीची होती, पण त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. लायसनचा आणि लढाईचा संबंध काय? तो कोणी जोडला, कशासाठी जोडला आणि त्याचा भार कोणावर पडतो? आपल्यापैकी काही घरांतली मुले आता परदेशात शिकत आहेत, नोकऱ्या करीत आहेत. त्यांच्यासाठी तर हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण सरकार सामान्य माणसाची संमती कशी मिळवते, हे समजून घ्यायचे असेल तर इतरांनीही तो पाहावा, असे आम्हाला वाटते.

टपाल कचेरीपासून सुरुवात

आज अमेरिकेत सक्तीची भरती नाही. तिथली फौज १९७३ पासून स्वखुशीने आलेल्यांचीच आहे. इराक आणि अफगाणिस्तानमधली लांबलेली युद्धेही त्या देशाने पगारी, स्वखुशीने भरती झालेल्या सैनिकांवरच लढली. १९७५ मध्ये तर नावे नोंदवणेही थांबवण्यात आले होते.

१९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. त्याला उत्तर म्हणून अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९८० साली नोंदणी पुन्हा सुरू केली. १९६० मध्ये आणि त्यानंतर जन्मलेल्या तरुणांनी टपाल कचेरीत जाऊन फॉर्म भरायचा, असे ठरले. नियम असा की अठरावा वाढदिवस आला की तीस दिवसांत नाव नोंदवायचे, आणि सव्वीस वर्षे पूर्ण होईपर्यंत ते नाव यादीत राहणार. पत्ता बदलला तर दहा दिवसांत कळवायचे. नियम फक्त पुरुषांना. स्त्रियांना वगळणे घटनेला धरून आहे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये दिला.

कायद्यातली शिक्षा जबर आहे. पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. पण लाखो तरुणांनी नाव नोंदवलेच नाही. इतक्यांना तुरुंगात घालणार कसे? शिवाय कोर्टात गुन्हा सिद्ध करायचा तर त्या तरुणाने जाणूनबुजून नकार दिला, हे दाखवावे लागते. सरकारने १९८० नंतरच्या काही वर्षांत सुमारे वीस जणांवर खटले भरले. खटले झाले ते मुख्यतः ज्यांनी पत्र लिहून, सभेत बोलून, उघडपणे ‘आम्ही नोंदणी करणार नाही’ असे सांगितले त्यांच्यावर. जे गप्प बसले त्यांना कोणी विचारले नाही. खरे बोलणारा पकडला गेला आणि मुकाट राहणारा सुटला. १९८६ नंतर नवा खटला उभा राहिलेला नाही.

कोर्टाऐवजी खिडकी

कोर्टातून काम होईना, तेव्हा सरकारने वेगळी वाट धरली. तरुणाला ज्या ज्या दारातून आत जावेच लागते, त्या त्या दारावर अट लावायची.

पहिले दार शिक्षणाचे. १९८२ मध्ये गेराल्ड सॉलोमन या खासदाराच्या दुरुस्तीने कायदा झाला की नोंदणी नसेल तर केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्ज मिळणार नाही. विद्यार्थ्यांच्या बाजूने कोर्टात दाद मागितली गेली, पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला. दुसरे दार नोकरीचे. १९८५ पासून केंद्र सरकारच्या नोकरीसाठी नोंदणी आवश्यक झाली. सरकारी खर्चाने चालणाऱ्या कामधंद्याच्या प्रशिक्षणालाही हीच अट लागली. तिसरे दार नागरिकत्वाचे. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या तरुणाच्या नागरिकत्वाच्या अर्जात ‘नोंदणी केली होती काय?’ हा प्रश्न येतो.

आता विचार करा, यात कोण अडला? ज्याच्या बापाकडे फी भरायला पैसा आहे, त्याला शिष्यवृत्तीची गरज नाही. ज्याला बापाच्या कंपनीत बसायचे आहे, त्याला सरकारी नोकरी नको. नकार दोघांनी दिला, पण श्रीमंताचे काही बिघडले नाही आणि गरिबाचे कॉलेज सुटले. कायद्यात कुठेही ‘गरीब’ हा शब्द नाही. तरी वार बरोबर गरिबावरच पडला.

चौथे दार मोटार चालवण्याच्या लायसनचे. हे काम केंद्र सरकारचे नव्हे, राज्यांचे. २००० सालाच्या सुमारास राज्याराज्यांनी असे कायदे करायला सुरुवात केली, आणि आज बहुतेक राज्यांत या ना त्या स्वरूपात ते आहेत. कॅलिफोर्नियासारख्या मोठ्या राज्यात मात्र असे प्रस्ताव एकाहून अधिक वेळा येऊन बारगळले.

हे चालते कसे?

टेक्सासचेच उदाहरण घेऊ. अठरा पूर्ण आणि सव्विसाच्या आतला तरुण, नागरिक असो वा बाहेरून येऊन स्थायिक झालेला, लायसनसाठी किंवा नुसत्या ओळखपत्रासाठी अर्ज करतो. कायदा म्हणतो की सिलेक्टिव्ह सर्व्हिसच्या नोंदणीला संमती देणारे वाक्य अर्जात असल्याशिवाय लायसन देऊ नये. नवे काढा, मुदत वाढवा किंवा हरवलेल्याची प्रत मागा, नियम तोच. ते वाक्य अर्जातच छापलेले असते. वेगळा कागद नाही, वेगळी सही नाही. खाली सही केली की संमती झाली.

पुढे राज्याचे खाते त्या तरुणाचे नाव, जन्मतारीख, पत्ता आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक संगणकावरून पाठवते. राज्याराज्यांच्या मोटार खात्यांच्या संघटनेच्या जाळ्यातून ही माहिती इलिनॉय राज्यात असलेल्या सिलेक्टिव्ह सर्व्हिसच्या माहिती केंद्रात पोचते. तिथे नोंद होते आणि घरी कार्ड येते. सगळीकडे नियम सारखा नाही. काही राज्यांत ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी निवड ठेवलेली आहे. पण ज्या राज्यांत सही म्हणजेच संमती आहे, तिथे दोनच वाटा राहतात. नाव यादीत जाऊ द्या, नाहीतर लायसन विसरा.

आपल्याकडे लायसन नसले तर माणूस एसटीने जातो, लोकलने जातो. अमेरिकेतल्या मोजक्या मोठ्या शहरांचा अपवाद सोडला तर तिथे तसे नाही. कामाची जागा दहा-वीस मैलांवर आणि बसचा पत्ता नाही. शिवाय तिथे लायसन हेच ओळखपत्र. बँकेत खाते उघडायचे, खोली भाड्याने घ्यायची, नोकरी लागताना ओळख द्यायची, विमानात बसायचे, सगळीकडे तेच कार्ड पुढे करावे लागते. आपल्यापैकी जे रिक्षा, टॅक्सी, टेम्पो चालवतात त्यांना लायसनची किंमत वेगळी सांगायला नको. लायसन गेले की चूल थंड. तिथे तर गाडी चालवणे हा धंदा नसलेल्याचीही तीच गत होते.

याच खिडकीवर आणखी एक नोंदणी होते, तीही पाहण्यासारखी आहे. १९९३ च्या केंद्रीय कायद्याने लायसन काढायला आलेल्या माणसाला मतदार यादीत नाव घालण्याची सोय करून दिली. मोटार खात्यात मतदार नोंदणी म्हणून लोक त्याला ‘मोटर व्होटर’ म्हणतात. पण तिथे विचारले जाते. मतदार व्हायचे नसेल तर नको म्हणा, लायसन तरीही मिळेल. म्हणजे एकाच खिडकीवर मताचा हक्क घ्यायचा की नाही हे माणसाला विचारतात, आणि प्राण देण्याच्या कर्तव्याची नोंद मात्र न विचारता होते. आम्हाला यातला फरक फार बोलका वाटतो.

दुसरी बाजूही ऐकावी

या कायद्यांच्या बाजूने बोलणारे सगळेच युद्धखोर आहेत, असे म्हणणे खरे होणार नाही. त्यांचा एक मुद्दा वजनदार आहे.

ते म्हणतात, नोंदणी न करणाऱ्यांत विचारपूर्वक नकार देणारे थोडे. बाकीच्यांना नियम माहीतच नसतो. शाळा अर्धवट सुटलेला मुलगा, घरदार नसलेला, तुरुंगातून बाहेर आलेला, नुकताच देशात आलेला, अशांना कोण सांगणार? सव्वीस वर्षे पूर्ण झाली की नोंदणी करताच येत नाही. दार कायमचे बंद. मग तिशीत कधीतरी त्याला टपाल खात्यात नोकरी लागण्याची वेळ येते आणि जुनी अट आडवी येते. ‘मी जाणूनबुजून टाळले नाही’ हे त्यालाच कागदपत्रांनी पटवून द्यावे लागते. त्यापेक्षा लायसनच्या वेळीच नाव गेले तर गरिबाचे नुकसान टळते.

त्यांचा दुसरा मुद्दा समानतेचा. उद्या खरेच भरती करायची झाली तर ती सोडतीने होणार. सोडतीत सगळ्यांची नावे हवीत. नियम पाळणाऱ्यांचीच नावे चिठ्ठ्यांत आणि टाळणारे बाहेर, हा न्याय कसा?

पहिल्या मुद्द्याला आमचे उत्तर असे, की गरीब ज्या खड्ड्यात पडतो तो खड्डा सरकारनेच खणलेला आहे. शिष्यवृत्तीला अट सरकारनेच लावली. नोकरीला अट सरकारनेच लावली. मग त्या अटीपासून वाचवण्यासाठी लायसनला अट लावायची, आणि वर त्याला उपकार म्हणायचे! खड्डा बुजवणे हा सरळ उपाय होता, आणि एका ठिकाणी तो झालाही. २०२० च्या डिसेंबरात मंजूर झालेल्या कायद्याने केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीची ही अट काढून टाकली. अट गेली म्हणून त्या देशाचे संरक्षण कोसळले नाही.

दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर इतिहासात आहे.

यादी समान, पण बोलावणे कोणाला?

व्हिएतनाम युद्धाच्या काळात सुमारे साडेअठरा लाख तरुणांना सक्तीने फौजेत घेतले गेले. नाव सगळ्यांनीच नोंदवायचे होते. पण कॉलेजात शिकणाऱ्याला सूट होती. डॉक्टरचा दाखला आणू शकणाऱ्याला सूट मिळे. कोणाला सूट द्यायची हे गावोगावची भरती मंडळे ठरवीत, आणि त्या मंडळांवर काळी माणसे अगदी थोडी असत. १९६६ मध्ये तर संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा यांनी परीक्षेत कमी गुण मिळालेल्यांनाही घेण्याची योजना काढली. गरिबांना शिक्षण आणि हुन्नर मिळेल, असे तिचे गोड कारण दिले गेले. तीन लाखांहून अधिक तरुण या योजनेतून फौजेत गेले. त्यांत गोरे गरीब होते आणि काळ्या तरुणांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त होते.

एप्रिल १९६७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमधून या युद्धाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. त्याच महिन्यात जगज्जेता मुष्टियोद्धा महंमद अली याने ह्यूस्टन शहरात फौजेत जाण्यास नकार दिला. ह्यूस्टन त्याच टेक्सासमध्ये आहे. अलीचा किताब काढून घेतला, पाच वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलर दंड ठोठावला. अपील चालू असल्याने तो तुरुंगाबाहेर राहिला, आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. पण मुष्टियोद्ध्याच्या उमेदीची तीन-साडेतीन वर्षे वाया गेली ती गेलीच.

हा इतिहास ठाऊक असलेल्या काळ्या आईबापांना ‘यादी सगळ्यांसाठी सारखी आहे’ असे सांगून भागत नाही. यादी सारखी असेल, पण यादीतून निसटायच्या वाटा कधीच सारख्या नव्हत्या.

सदसद्विवेकाला जागा कुठे?

बौद्ध वाचकांना जवळचा वाटेल असा एक मुद्दा इथे सांगितला पाहिजे. ज्याची श्रद्धा हत्येला नकार देते, त्याला शस्त्र न धरता दुसरे काम देण्याची तरतूद अमेरिकेच्या कायद्यात आहे. पण १९४८ च्या कायद्यात अशी श्रद्धा ‘परमेश्वराशी’ जोडलेली असली पाहिजे, अशी भाषा होती. मग ज्या धम्मात परमेश्वरच नाही, त्याचे काय? १९६५ मध्ये सीगर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही भाषा व्यापक अर्थाने घ्यावी, असे ठरवले. देवावरच्या श्रद्धेचे जे स्थान आस्तिकाच्या जीवनात, तेच स्थान ज्या प्रामाणिक श्रद्धेचे आहे, तीही पात्र. न्यायमूर्ती डग्लस यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात बौद्ध धम्माचा विचार केला आहे. पुढे १९६७ मध्ये कायद्यातून ते शब्दच वगळण्यात आले, आणि १९७० च्या वेल्श खटल्यात केवळ नैतिक विचारातून आलेला नकारही मान्य झाला.

पण ही सूट मागायची ती प्रत्यक्ष बोलावणे आल्यावर. नोंदणीच्या वेळी ‘माझा हत्येला विरोध आहे’ असे सांगायला फॉर्मवर जागाच नाही. म्हणून शांततावादी सल्लागार तरुणांना सांगत आले, की कागदी फॉर्मवर मोकळ्या जागेत तसे आपल्या हाताने लिहा आणि त्याची प्रत जपून ठेवा. पुढे मंडळासमोर उभे राहायची वेळ आली तर तो जुना पुरावा ठरेल. लायसनच्या खिडकीवरून नाव परस्पर गेले, की ही एक ओळ लिहिण्याची संधीही जाते. कोणत्या तारखेला आपण या यादीत गेलो हेच ज्याला ठाऊक नाही, तो आपल्या मनाची साक्ष कागदावर कधी लिहिणार?

आता सहीही नको

एवढे करून ही यादी कामाची तरी आहे काय? १९८० मध्ये ही नोंदणी ज्यांच्या देखरेखीखाली सुरू झाली, ते त्या खात्याचे तेव्हाचे प्रमुख बर्नार्ड रॉस्टकर यांनीच २०१९ मध्ये सरकारी आयोगापुढे सांगितले, की यादी अपुरी आणि चुकांनी भरलेली आहे, ती चालू ठेवण्याची लष्करी गरज नाही. तरुण सतत घर बदलतात. दहा दिवसांत पत्ता कळवण्याचा नियम जवळजवळ कोणीच पाळत नाही. आयोगाने मात्र २०२० मध्ये नोंदणी चालू ठेवावी आणि स्त्रियांचीही करावी, अशी शिफारस केली.

पुढचे पाऊल २०२५ च्या डिसेंबरात पडले. त्या महिन्यात अध्यक्ष ट्रम्प यांची सही झालेल्या संरक्षण कायद्यात, कायदा झाल्यापासून एका वर्षानंतर पात्र तरुणांची नोंदणी सरकारने आपल्याकडच्या कागदपत्रांवरून आपोआप करावी, अशी तरतूद आहे. टपाल कचेरीत तरुण स्वतः चालत जात होता. लायसनच्या खिडकीवर त्याची निदान सही लागत होती. आपोआप नोंदणीत तीही नको. यात एक बरे आहे की नियम माहीत नव्हता म्हणून गरिबाची नोकरी जाणार नाही. पण माणसाला विचारण्याचा उरलासुरला शिष्टाचारही यात संपतो.

आपल्या घटनेत काय आहे?

आपल्या देशात सक्तीची लष्करभरती नाही आणि लायसनच्या अर्जाशी फौजेचा संबंध नाही. गणवेशाचे वावडे आपल्या समाजाला कधीच नव्हते. उलट इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपली भरती बंद केली तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. मागून, झगडून मिळवलेली सेवा वेगळी आणि न विचारता लादलेली वेगळी.

भारतीय घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीवर बंदी घातली आहे. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावण्याची मुभा राज्याला दिली आहे. पण धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून त्यात भेदभाव करता येणार नाही, अशी स्पष्ट अटही घातली आहे. ‘वर्ग’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. अमेरिकेतल्या लायसनच्या खिडकीवर नेमका हाच प्रश्न उभा आहे. कागदावर सगळे सारखे, पण ज्याला लायसनवाचून, शिष्यवृत्तीवाचून जगता येत नाही त्याच्यावरच सक्तीचा भार.

परदेशी मुले असलेल्या घरांसाठी

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत, त्यांच्या माहितीसाठी थोडे. शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर कायदेशीरपणे राहणाऱ्याला नोंदणी लागत नाही. ग्रीन कार्ड सव्विसाच्या आत मिळाले तर मुलग्याला लागते. नोंदणी आपोआप झाली असेल असे धरून चालू नये. खात्याकडे विचारून खात्री करावी. आलेले कार्ड केराच्या टोपलीत न टाकता पासपोर्टबरोबर ठेवावे, कारण पुढे नागरिकत्वाच्या वेळी त्याची गरज पडते. ज्याचा मनापासून हत्येला विरोध आहे त्याने आपले विचार आजच तारीख घालून लिहून ठेवावेत.

आणि घाबरून जाऊ नये. यादीत नाव म्हणजे फौजेत भरती नव्हे. सक्तीची भरती सुरू करायची तर तिथल्या संसदेला नवा कायदा करावा लागेल. तशी वेळ आलीच तर त्या वर्षी ज्यांना वीस वर्षे पूर्ण होतात त्यांच्यापासून सोडतीची सुरुवात होते. अठरा-एकोणीस वर्षांच्यांचा क्रम सर्वांत शेवटी.

हे सगळे आम्ही पुढच्या रविवारी आजींना समजावून सांगितले. त्यांच्या जिवात जीव आला. नातू सुखरूप आहे, कॉलेजात जातो, लायसनही मिळाले. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “दादा, आमच्या सासऱ्यांनी सावकाराच्या कागदावर अंगठा दिला होता. वाचता येत नव्हतं त्यांना. म्हणून मी पोराला शिकवलं. आता नातवाला इंग्रजी येतं, सगळं वाचता येतं. तरी त्याच्याकडून सही घेताना कोणी सांगितलं नाही?”

आजी, कागदावर ते वाक्य छापलेले होते, एवढेच आम्ही सांगू शकलो. कायद्याला ते पुरते. पण जिथे तरुणाच्या प्राणाचा प्रश्न आहे, तिथे सरकारने समोर बसवून, वेगळ्या कागदावर, कारण सांगून विचारले पाहिजे. तेवढे धैर्य सरकारात नसेल तर त्याने पोटापाण्याच्या कागदाआडून सही घेऊ नये. आणि आपण आपल्या मुलांना एवढे तरी शिकवावे, की खिडकीवर कितीही गर्दी असो, मागचा माणूस कितीही घाई करो, सहीच्या वरचे प्रत्येक वाक्य वाचल्याशिवाय पेन टेकवायचे नाही.